आपल्याच माणसाचं रक्त

रक्तपेढीत मी आले ती किडनीच्या वाटेने. एमएस्सीनंतरची पहिली नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या टिश्यू टायपिंगच्या प्रयोगशाळेत लागली. दोन खोल्या, एक कुरकुरणारा इन्क्युबेटर आणि लहर लागली तरच चालणारा एसी. आई मुलाला किंवा भाऊ बहिणीला किडनी द्यायला तयार झाला की दोघांचं रक्त आमच्याकडे यायचं. त्यावर बाकीच्या चाचण्यांबरोबर एमएलसी नावाची एक चाचणी व्हायची. दोघांच्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींमधल्या प्रतिकाराचं काम पाहणाऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या आणि प्लॅस्टिकच्या प्लेटमधल्या ९६ खाचांत एकत्र ठेवायच्या. मुलाच्या पेशींना आईच्या पेशी परक्या वाटल्या तर पाचसहा दिवसांत त्या भराभर वाढतात. किती वाढल्या ते किरणोत्सारी थायमिडीन घालून मोजायचं. आकडा मोठा आला की आमचे सर भुवया चढवायचे.

यात एक मेख होती. परकेपणा दोन्ही बाजूंनी असतो. आईच्या पेशीसुद्धा मुलाच्या पेशींविरुद्ध वाढतात, मग मोजलेली वाढ नेमकी कुणाची? म्हणून आईच्या पेशींना आधी गॅमा किरण द्यायचे. त्यासाठीचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. दुपारी रेडिओथेरपीचा सकाळचा शेवटचा पेशंट टेबलावरून उतरला की थर्मोकोलच्या डब्यात नळ्या घेऊन मी तळघरात जायची. कोबाल्टच्या मशीनवर एक वयस्कर तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. डबा टेबलावर ठेवून, वरची खूण नीट मध्यावर आणून, दार लावून बाहेर येता येता ते विचारायचे, "आज कुणाची आई?" पंचवीस-तीस ग्रे (किरणांच्या मात्रेचं हे माप) द्यायचे म्हणजे त्या मशीनवर बराच वेळ लागायचा, तेवढ्यात अण्णांचा डबा खाऊन व्हायचा.

वर आल्यावर मी पहिल्यांदा जे पाहिलं ते मला चक्रावून टाकणारं होतं. माणसाच्या अख्ख्या अंगावर एकदम चार ग्रेच्या आसपास मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. आमच्या पेशींना त्याच्या सहापट मिळालेली. मी त्यांत ट्रिपॅन ब्लूचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मेलेल्या पेशीत हा निळा रंग शिरतो, जिवंत पेशी त्याला बाहेर ठेवते. सगळ्या पेशी स्वच्छ, गोल, चमकदार. एकही निळी नाही म्हटलं तरी चालेल. मला वाटलं अण्णा बटण दाबायला विसरले. सर हसले. म्हणाले, "मेल्या नाहीत गं. आता त्यांना पोरं होणार नाहीत, एवढंच."

पुढे त्याचा उलगडा होत गेला. किरणांनी पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे ठिकठिकाणी तुटतात. पेशीला विभागून दोन व्हायचं असतं तेव्हा ही मोडतोड आडवी येते. शरीरातल्या बहुतेक पेशी किरण मिळाल्यावर विभागायला जातात तेव्हा मरतात. लिम्फोसाइटचं वेगळं. ती विभागायची वाटही न पाहता, स्वस्थ बसल्या बसल्या, स्वतःच्या हाताने संपते. पण त्यालाही काही तास, काही दिवस लागतात. तोवर ती दिसते जिवंत, तिच्या अंगावरच्या एचएलएच्या, म्हणजे आपलं-परकं ठरवणाऱ्या, खुणा तशाच असतात, आणि समोरच्या पेशी त्या खुणा वाचू शकतात. आमच्या चाचणीला नेमकं हेच हवं होतं. आईच्या पेशींनी ओळख द्यायची, वाढायचं नाही. वाढायच्या त्या मुलाच्या, आणि त्या खाचेत जी गर्दी व्हायची ती मुख्यतः मदतनीस टी पेशींची, ज्यांच्या अंगावर सीडी४ ची खूण असते त्यांची.

या पेशी स्वतः फारसं कुणाला मारत नाहीत. परकं कोण ते ओळखायचं आणि रसायनं सोडून बाकीच्यांना उठवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी हाक दिली नाही तर प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी अर्धवट काम करतात आणि मारेकरी टी पेशींनाही जोर चढत नाही. एचआयव्हीने हीच फळी कापल्यावर माणसाचं काय होतं ते आम्ही नव्वदच्या दशकात मुंबईत रोज पाहत होतो.

सरांना इतिहास सांगायची हौस होती. या मदतनीस पेशींचा पत्ता लागला तोच मुळी किरणांच्या जोरावर, हे त्यांचं आवडतं पालुपद. १९६६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरला क्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना किरण देऊन त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती पार पुसून टाकली. मग काहींना दुसऱ्या उंदरांच्या थायमसमधल्या (छातीतली ग्रंथी, टी पेशी तिथे घडतात) पेशी दिल्या, काहींना अस्थिमज्जेतल्या, काहींना दोन्ही. सगळ्यांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या. एकेकट्या पेशींनी प्रतिपिंडं जेमतेम बनली. दोन्ही मिळून दिल्यावर दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. दोन वर्षांनी मेलबर्नला मिलर आणि मिचेल यांनी दाखवलं की प्रतिपिंडं बनवतात त्या मज्जेकडच्या पेशी, थायमसकडच्या फक्त मदत करतात. त्यानंतरच्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती सांगताना सर खुर्चीतून उठायचे. ज्या मदतनीस पेशींना शत्रूची ओळख आधीच झालेली आहे, त्यांना किरण दिले तरी त्या मदत करतात. कोऱ्या पेशींना तसे किरण सोसत नाहीत. शिकून तयार झालेल्या पेशीला मदत करायला दरवेळी विभागावं लागत नाही, ही त्यातली गोम. म्हणजे "किरणांनी प्रतिकारशक्ती मरते" हे वाक्य ढोबळ आहे. कुठली पेशी, कोरी की अनुभवी, निवांत की कामात, आणि आधी किरण की आधी शत्रू, यावर सगळं ठरतं.

काही वर्षांनी त्याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत जागा निघाली आणि मी तिकडे गेले. पगार बरा होता, आणि एमएलसीची सद्दी संपत आली होती. डीएनएवरून थेट एचएलए वाचता यायला लागल्यावर सहा दिवस प्लेटकडे बघत कोण बसणार?

रक्तपेढीच्या खिडकीशी मात्र सहा महिन्यांत एक वाक्य पाठ झालं. "ताई, बाहेरचं नको, आमचंच घ्या." बापासाठी मुलगा, मुलासाठी मामा, बायकोसाठी सासरची झाडून सगळी मंडळी. बाहेरच्या रक्ताची धास्ती होती आणि ती अगदीच अनाठायी नव्हती, तेव्हा रक्त विकणारे लोक होते. डॉक्टरही ताजं रक्त मागायचे, विशेषतः हृदयाच्या ऑपरेशनला.

अशाच एका बायपासच्या पेशंटला त्याच्या मुलाचं ताजं रक्त दिलं गेलं. ऑपरेशन उत्तम. दहाव्या दिवसाच्या सुमारास ताप. मग तळहात-तळपायांवर लाल पुरळ, ते अंगभर पसरलं. जुलाब, पाठोपाठ कावीळ. वॉर्डात आधी औषधाची अ‍ॅलर्जी म्हणाले, मग जंतुसंसर्ग म्हणाले. पांढऱ्या पेशी घसरत घसरत काही शेकड्यांवर आल्या, प्लेटलेटही. प्लेटलेटच्या पिशव्या मीच देत होते, त्या कुठे जात होत्या कळत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माणूस गेला. कागदावर सेप्सिस लिहिलं. सरांनी केस ऐकली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग कपाटातून एक जपानी शोधनिबंध काढून माझ्यासमोर ठेवला. जपानात १९५० च्या दशकापासून शस्त्रक्रियेनंतर ताप, अंग लालबुंद आणि मृत्यू अशा केसेसची नोंद होत होती. कारण कळायला १९८० चं दशक उजाडलं. दोष रक्तातून गेलेल्या दात्याच्या टी पेशींचा होता. आमच्या पेशंटच्या बाबतीत तेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, तशी तपासणी कुणी केलीच नाही. पण त्या निबंधातलं वर्णन आणि आमचा केसपेपर शेजारी ठेवले तर वेगळे ओळखू आले नसते.

हे का होतं ते समजायला शाळेतलं गणितही पुरतं. प्रत्येकाकडे एचएलएच्या खुणांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. समजा बापाकडे अ आणि ब आहेत. आईकडे अ आणि क. मुलाला दोघांकडून अ मिळाला, तर तो अ-अ. या मुलाचं रक्त बापाला चढवलं की बापाचं शरीर मुलाच्या पेशी तपासतं, तिथे फक्त अ दिसतो, तो तर आपलाच. त्यामुळे त्यांना हुसकावत नाही. मुलाच्या मदतनीस पेशींना मात्र बापाच्या अंगभर ब दिसतो. परका. त्या वाढतात, हाका मारतात, आणि बापाची त्वचा, आतडं, यकृत, शेवटी अस्थिमज्जा यांच्यावर तुटून पडतात. मज्जाच गेल्यावर पेशंट सावरायचा कसा? हा आजार एकदा सुरू झाला की दहातले नऊ हातचे जातात, खरं तर त्याहून जास्तच.

आता आई आणि बाप दोघांकडेही अ असण्याचा योग केव्हा जास्त? ते एकमेकांच्या नात्यातले असतील तेव्हा. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल कितीतरी घरांत आहे. टिश्यू टायपिंगमध्ये असताना सोलापूर-सांगलीकडच्या कुटुंबांचे तक्ते काढताना अशी अ-अ मुलं आम्हाला दिसायची, आणि किडनी देण्याघेण्यासाठी सर त्यावर खूश असायचे. रक्ताच्या बाबतीत तीच जुळणी घातक ठरते. परक्या माणसाचं रक्त घेतलं तर शरीर त्यातल्या टी पेशी थोड्याच दिवसांत निकालात काढतं. सख्ख्याच्या रक्ताला आत प्रवेश मिळतो.

उपाय तोच जुना, रक्तातल्या टी पेशींना आधी किरण देऊन त्यांची वाढ थांबवायची. त्यासाठीचं किरणयंत्र आलं ते या सगळ्यानंतर, ब्रिट या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेकडून. शिशाचं आवरण असलेलं काही टनांचं धूड. जमीन ते पेलेल का, यावर इंजिनिअर लोकांची दोन महिने पत्रापत्री चालली आणि शेवटी तळमजल्यावरची जुनी स्टोअररूम मिळाली. छातीवर आपल्याला किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बॅज लावायचा, वहीत नोंद करायची, डब्यात पिशव्या ठेवायच्या आणि बटण दाबायचं. डबा आपोआप खाली कोबाल्टच्या सळ्यांच्या मध्ये जातो, वेळ झाली की वर येतो. पिशवीच्या मध्यावर किमान २५ ग्रे पडले पाहिजेत, आणि कडेला कुठेही १५ पेक्षा कमी नको. हा आकडा हवेतून आलेला नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या पिशव्यांना वेगवेगळी मात्रा देऊन आतल्या टी पेशी पुन्हा वाढवून पाहिल्या होत्या. १५ ग्रेनंतरही काही वाढत होत्या. २५ ला वाढ थांबली. तांबड्या पेशींना आणि प्लेटलेटला केंद्रकच नसतं, म्हणून त्या यातून निभावतात. तांबड्या पेशींमधून पोटॅशियम जरा जास्त झिरपतं, त्यामुळे अशी पिशवी फार दिवस ठेवायची नाही आणि नवजात बाळाला तर किरण दिल्यावर लगेचच चढवायची.

पिशवीवर एक छोटं लेबल चिकटवायचं. त्यावर 'नॉट इरेडिएटेड' असं छापलेलं. किरण मिळाले की त्यातल्या 'नॉट'वरची पट्टी काळी पडते आणि उरतं फक्त 'इरेडिएटेड'. मला हे लेबल फार आवडायचं. रात्रपाळीला कितीही झोप आलेली असो, कुणी कितीही शपथेवर सांगो की पिशवी मशीनमधून काढली आहे, लेबल काय म्हणतं ते शेवटचं.

कोबाल्ट-६० मात्र दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने थकतो. सव्वापाच वर्षांत निम्मा. मशीन नवं असताना जे काम पाच-सहा मिनिटांत व्हायचं, त्याला पुढे दुप्पट वेळ लागायला लागला. दर महिन्याला वेळेचा नवा तक्ता भिंतीवर लागायचा. वॉर्डातले मामा पिशवी न्यायला यायचे आणि दारात उभे राहून कुरकुरायचे, "ताई, तुमचं मशीन म्हातारं झालं." झालंच होतं.

२०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीची बातमी आली. भंगारात निघालेलं असंच एक कोबाल्टचं यंत्र कुणीतरी फोडलं, लोक भाजले, एक जण दगावला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्टोअररूमच्या दारावरून जाताना लोक पावलं उचलायला लागले. झाडणाऱ्या मावशींनी आत यायला नकार दिला. मी त्यांना आत नेऊन मीटर दाखवला, बॅजचे रिपोर्ट दाखवले. त्यांचा मीटरवर विश्वास बसला नाही. मी तिथेच खुर्ची टाकून चहा प्यायले, त्यावर बसला. अशा अपघातात कुणाला किती मात्रा मिळाली हे डॉक्टर कशावरून ओळखतात, हेही त्यांना सांगितलं. पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट किती आणि किती वेगाने घसरतात, ते पाहतात. त्याच पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रं तपासतात, तुटून भलतीकडे जोडलेली किती ते मोजतात. शरीरात सगळ्यांत आधी चुगली करणारी पेशी हीच.

पेशंटचे नातेवाईक विचारायचे, "हे रक्त चढवल्यावर बाळाच्या अंगात किरण राहतील का?" नाही. गॅमा किरण आरपार जातात, रक्त किरणोत्सारी होत नाही. दुसरा प्रश्न शिकलेले लोक विचारायचे, की मग यातले एचआयव्ही, काविळीचे विषाणूही मरत असतील ना? तेही नाही. त्यांना मारायला कितीतरी जास्त मात्रा लागते, तेवढी दिली तर तांबड्या पेशीही राहणार नाहीत. त्या तपासण्या वेगळ्या, त्या कराव्याच लागतात.

शेवटच्या काही वर्षांतला एक पेशंट मला नीट आठवतो. साताऱ्याकडचे निवृत्त मास्तर, खुब्याचं हाड मोडलं म्हणून आलेले. दोन पिशव्यांची मागणी आली, सोबत मुलगा. तोही म्हणाला, "माझंच घ्या." मी सवयीने विचारलं, आधी काही मोठा आजार? मुलगा म्हणाला, काही नाही. मास्तरांच्या बायको मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नाआधी मानेला गाठी होत्या ह्यांच्या. परळला शेक घेतले होते. तेव्हाच बरं झालंय." मी विचारलं, गाठींचं नाव काय होतं? पिशवीतून पिवळा पडलेला कागद निघाला. हॉजकिन, लसिकाग्रंथींचा कॅन्सर.

त्या काळी हॉजकिनला मान, काखा, छाती अशा मोठ्या भागावर किरण द्यायचे. थायमसही त्या पट्ट्यात यायचा. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच अशा रुग्णांचं रक्त वर्षानुवर्षं तपासून दाखवलं होतं, की एकूण लिम्फोसाइट परत येतात, बी पेशी येतात, टी पेशी मात्र खूप वर्षं मागे राहतात. सीडी८ पेशी बाहेरच्या बाहेर वाढून जागा भरतात. मदतनीस सीडी४ ची नवी, कोरी भरती थायमसमधून व्हावी लागते आणि मोठ्या माणसाचा थायमस आधीच सुकत चाललेला असतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्येही कोऱ्या सीडी४ पेशींची तूट कित्येक दशकांनंतर दिसली आहे. स्टॅनफर्डवाल्यांनी पुढे याचाच उपयोग करून किडनी बदललेल्या पेशंटना लसिकाग्रंथींवर किरण दिले, म्हणजे नवी किडनी नाकारली जाऊ नये. सर त्यावर तासभर बोलले असते.

तर अशा माणसाला दात्याच्या टी पेशी हुसकावणं कठीण, म्हणून ज्याला कधीकाळी हॉजकिन झाला होता त्याला जन्मभर किरण दिलेलंच रक्त द्यायचं, असा संकेत आहे. आजार बरा होऊन किती वर्षं झाली याने फरक पडत नाही. त्यातून इथे दाता पोटचा मुलगा. वॉर्डात मी फोन केला तर पलीकडून निवासी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे ऑर्थोचे पेशंट आहेत, कॅन्सरचे नाहीत." मी म्हटलं, होते. थोडा वेळ शांतता, मग "ठीक आहे, द्या तसंच." मुलाचं रक्त घेतलं ते साठ्यात गेलं, मास्तरांना दुसऱ्या दोन पिशव्या मशीनमधून काढून दिल्या. मुलगा जरा नाराज झाला. त्याला अ, ब, क चं गणित कागदावर मांडून दाखवलं. मास्तरच ते, घरी जायच्या दिवशी तो कागद मागून घेऊन गेले आणि त्यात माझी एक अक्षराची चूक काढली.

मागणीपत्रात 'पूर्वी हॉजकिन किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट' असा रकाना असावा म्हणून मी कमिटीला लिहीत राहिले. निवृत्तीच्या थोडं आधी तो छापून आला. परवा जुन्या सहकारणीला फोन केला तेव्हा विचारलं, भरतात का तो? म्हणाली, निम्मे भरतात. बाकीच्यांना खिडकीशी आम्ही तोंडी विचारतो, आणि शक्यतो बायकोला विचारतो.